मोटार तीच, भांडे वेगळे

गेल्या पावसाळ्यातली गोष्ट. रविवारी सकाळी बेलवलीच्या आमच्या घरी पुतण्या आला तो एका हातात ड्रिल मशीन आणि दुसऱ्या हातात जाडजूड पुस्तकाएवढा काळा खोका घेऊन. "काका, अण्णांच्या ॲम्प्लिफायरला मागच्या बाजूने एक भोक पाडायचंय. दहा मिनिटांचं काम आहे," म्हणाला. मी हातातला चहा तसाच ठेवला. त्या ॲम्प्लिफायरला वडिलांच्या पश्चात कुणी पेचकससुद्धा लावलेला नाही, आणि हे चिरंजीव थेट ड्रिल घेऊन आलेले!

अण्णा, म्हणजे माझे वडील, अंबरनाथच्या ऑर्डनन्स फॅक्टरीत होते. संध्याकाळी घरी रेडिओ दुरुस्तीची कामे करत. १९८१ मध्ये मी गणपती-नवरात्रात कार्यक्रम करणाऱ्या एका ऑर्केस्ट्रात गिटार वाजवू लागलो. माझे गिटार गायकाच्याच ॲम्प्लिफायरला जोडत, त्यामुळे गायकाने आवाज चढवायला सांगितला की मीही चढायचो आणि शिव्या मात्र मला बसायच्या. अण्णा एकदा कार्यक्रमाला आले, शेवटच्या रांगेत बसून ऐकले आणि काही न बोलता निघून गेले. पुढच्या दोन महिन्यांत दर शनिवारी ते लॅमिंग्टन रोडला जात होते. बंगलोरच्या भारत इलेक्ट्रॉनिक्सचे चार व्हॉल्व्ह त्यांनी आणले: दोन ईसीसी ८३ आणि दोन ईएल ८४. ट्रान्सफॉर्मर गुंडाळून घेतला. खोका उल्हासनगरच्या फर्निचर बाजारातल्या सुताराने केला, वर काळे रेक्झीन. जेमतेम १५ वॅटचे ते यंत्र. पण ते माझे होते.

आता त्या काळ्या खोक्याविषयी. गिटारच्या ॲम्प्लिफायरचे ढोबळ दोन भाग असतात. गिटारच्या पिकअपमधून येणारा विद्युत-संदेश अगदी दुबळा, व्होल्टचा काही अंश एवढाच. त्याला आधी वाढवायचे, त्यातले खर्ज-तार कमीजास्त करायचे, हवा तेवढा करकरीतपणा आणायचा, हे काम प्रीॲम्पचे. तयार झालेल्या त्या संदेशाला स्पीकरचा पडदा हलवण्याइतकी ताकद द्यायची, हे काम पुढच्या पॉवर भागाचे. बहुतेक यंत्रांत हे दोन्ही भाग एकाच पत्र्यावर जन्माची गाठ बांधून बसलेले असतात. एक आवाज आवडेनासा झाला की सगळा डबाच बदलायचा.

घरचा मिक्सर डोळ्यांसमोर आणा. खाली मोटार एक, वर भांडी तीन. चटणीला लहान, इडलीच्या पिठाला मोठे. मोटार बदलण्याच्या भानगडीत कुणी पडत नाही. गिटारवाल्यांना ही सोय सुचायला मात्र वेळ लागला. १९८० च्या दशकात सेमूर डंकन यांच्या कंपनीने 'कन्व्हर्टिबल' नावाचा ॲम्प्लिफायर काढला, त्यात प्रीॲम्पचे तुकडे काढता-घालता येत. पुढे अमेरिकेतल्या ब्रूस एग्नेटर यांनी ही कल्पना खऱ्या अर्थाने मार्गी लावली. त्यांचे मॉड्यूल आधी 'रँडल' कंपनीच्या यंत्रांत बसत, आज ती परंपरा 'सिनर्जी' या नावाने चालू आहे. एका मॉड्यूलमध्ये दोन व्हॉल्व्ह आणि दोन चॅनेल. एक उपसून काढा, दुसरे सरकवा, की आवाजाचे घराणेच बदलते.

घराणे हा शब्द मी उगाच वापरत नाही. या आवाजांची खरोखरच वंशावळ आहे आणि तिचा मूळपुरुष आमच्या अण्णांसारखाच रेडिओ दुरुस्त करणारा होता. लिओ फेंडर यांनी १९३८ मध्ये कॅलिफोर्नियातल्या फुलर्टन गावी रेडिओ दुरुस्तीचे दुकान काढले. त्यांना स्वतःला गिटार वाजवता येत नसे. वाजवणारे काय तक्रार करतात ते ऐकायचे आणि यंत्र सुधारायचे, हीच त्यांची रीत. त्यांचा 'बासमन' हा ॲम्प्लिफायर खरे तर बास गिटारसाठी केलेला, पण १९५९ च्या सुमाराचे त्याचे रूप साध्या गिटारवाल्यांनीच पळवले. स्वच्छ, घंटेसारखा आणि जोर लावला तर कडेने किंचित फाटणारा आवाज.

पुढचा भाग उल्हासनगरच्या माणसाला आवडावा असा आहे. पश्चिम लंडनमधल्या हॅनवेलला जिम मार्शल यांचे वाद्यांचे दुकान होते. ते स्वतः ड्रम शिकवणारे. अमेरिकेहून येणारे फेंडर तिथल्या पोरांना परवडेना, म्हणून १९६२ मध्ये मार्शल यांनी केन ब्रान आणि डडली क्रेव्हन या दोघांना हाताशी धरून सरळ बासमनची नक्कल केली. नाव ठेवले जेटीएम ४५. नक्कल करताना जे भाग हाताशी होते ते वापरले. पहिल्या व्हॉल्व्हच्या जागी ईसीसी ८३ आला, तो मूळच्यापेक्षा दुपटीहून अधिक वाढ देणारा. स्पीकर अमेरिकी दहा इंचींऐवजी इंग्लिश बारा इंची, तेही मागून बंद पेटीत. नकाशा जवळजवळ तोच. पण आवाज जाड, रागीट, छातीवर येणारा. पुढे अर्ध्या जगाचे रॉक संगीत या नकलेवर उभे राहिले.

आमच्या शेजारच्या शहराला 'यूएसए' म्हणजे 'उल्हासनगर सिंधी असोसिएशन' म्हणून हिणवण्यात आम्ही बदलापूरकरांनी अनेक लोकल-प्रवास गोड केले आहेत. फाळणीत सर्वस्व गमावून कल्याणच्या जुन्या लष्करी छावणीत येऊन पडलेल्या माणसांनी हाताला येईल ते बनवून विकले, परदेशी मालाची नक्कलही केली. १९४९ मध्ये त्या छावणीला उल्हासनगर हे नाव मिळाले. हॅनवेलच्या दुकानात झालेली नक्कल 'ब्रिटिश साउंड' म्हणून काचेच्या कपाटात बसते आणि आमच्याकडची नक्कल विनोदात जाते, हे मला आता पूर्वीइतके सहज पचत नाही. अर्थात उल्हासनगरचे सगळेच चार्जर मार्शलच्या तोडीचे होते असेही मी म्हणणार नाही. असो.

तिसरे घराणे 'व्हॉक्स'चे. केंट परगण्यातल्या डार्टफर्डमध्ये टॉम जेनिंग्ज यांच्या कारखान्यात डिक डेनी यांनी ते रचले. बीटल्समुळे ते सर्वांना ठाऊक झाले. त्यांच्या एसी १५ मध्ये ईएल ८४ ची जोडी असे. म्हणजे अण्णांनी बेलवलीत नकळत व्हॉक्सचाच चुलतभाऊ जन्माला घातला होता! त्यांच्याकडे व्हॉल्व्हच्या माहितीचे एक कळकट पुस्तक होते, त्यातल्या आकृतीवरून त्यांनी जोडणी केली. मूळ फेंडरही व्हॉल्व्ह कंपन्यांनी छापलेल्या आकृत्यांवरूनच निघाले होते, हे मला फार उशिरा कळले. चौथे घराणे रँडल स्मिथ यांच्या 'मेसा बूगी'चे. फेंडरच्याच छोट्या यंत्रात वाढीचा आणखी एक टप्पा घालून त्यांनी सूर लांबवला. त्यावर इमले चढवत पुढे १९८७ चे सोल्डानो वगैरे आले. त्यांच्याविषयी पुतण्या तासभर बोलू शकतो, मला मात्र ते सगळे एकसारखेच गुरगुरताना ऐकू येतात.

आणि ज्या फाटक्या आवाजासाठी हे सारे चालले आहे, तो आमच्या पट्ट्यात फुकट मिळत असे. हळदीच्या रात्री बेंजो ऐकला आहे ना? बुलबुलतरंगाला पिकअप लावायचा, तो लाउडस्पीकरच्या ॲम्प्लिफायरला जोडायचा आणि बटण शेवटपर्यंत पिळायचे. कर्ण्यातून येणारा तो चिरका, झणझणीत सूर हे आमचे स्वतःचे घराणे. त्याचे मॉड्यूल अजून कुणी काढलेले नाही.

तर पुतण्याच्या हातातल्या खोक्यात एक मॉड्यूल होते, मार्शलच्या वंशातले. त्याला अण्णांचा पॉवर भाग हवा होता, प्रीॲम्प नको होता. "पुढचा भाग आपला आणि आवाज जगातला कुठलाही," तो म्हणाला. मी म्हटले, "भांडं बदललं तरी मोटार आणि पाती फिरवणारा दांडा तोच राहतो. ईएल ८४ ची चव जाणार नाही, आणि स्पीकर तर सगळ्यावर कडी करतो." तो म्हणाला, "तीच चव तर पाहिजे, काका. नाहीतर तयार डबा घेतला नसता का?"

यावर मला उत्तर सुचले नाही. पण एक गोष्ट त्याला माहीत नव्हती. २६ जुलै २००५ ला उल्हास नदीचे पाणी आमच्या तळमजल्यात शिरले, तेव्हा आम्ही धान्य, कागदपत्रे आणि आईला वर नेले. ॲम्प्लिफायर राहिला. दोन दिवसांनी चिखलातून काढला तेव्हा मी तो भंगारात द्यायला निघालो होतो. तेव्हा अण्णा पंचाहत्तरीचे. त्यांनी तो गोड्या पाण्याने धुतला, महिनाभर जमेल तसा सुकवला, दोन्ही ट्रान्सफॉर्मर पुन्हा गुंडाळून घेतले आणि थरथरत्या हाताने एकेक डाग नव्याने दिला. त्यानंतर चार वर्षांनी ते गेले.

मी ड्रिल बाजूला ठेवायला लावले. प्लग काढला, कॅपॅसिटर रिकामे केले (तीनशे व्होल्टचा झटका मी एकदा खाल्ला आहे) आणि पत्रा उलटा केला. मागच्या बाजूला, बुरसटलेल्या पट्टीखाली, एक जॅक होता. पट्टीवर पेन्सिलीने लिहिलेले: 'ग्रामो'. जुन्या रेडिओंना रेकॉर्ड-प्लेअर जोडायची जागा असे, तशीच. बाहेरचा तयार संदेश पहिला टप्पा टाळून आत घ्यायचा. पुतण्याला जे भोक पाडायचे होते, ते १९८१ पासूनच तिथे होते!

जोडून पाहिले. आवाज आला, पण पुतण्याचा चेहरा उतरला. ग्रामोची वाट अण्णांच्या टोन कंट्रोलमधून जात होती, आणि अण्णांना तार सप्तकाचा त्रास होई म्हणून त्यांनी तो जरा मऊच ठेवलेला. मार्शलचा राग त्यातून गाळून येत होता. "चालेल, असू दे," तो म्हणाला आणि वायर गुंडाळू लागला. खरोखर चालण्यासारखे असते तर तो इतक्या हळू गुंडाळता ना.

मी माळ्यावरून कावीया काढला. टोन कंट्रोलकडे जाणारी तार सोडवून थेट पुढच्या टप्प्याला नेली. त्यासाठी अण्णांचा एक डाग उचलावा लागला. माझा डाग त्याच्या शेजारी आहे. आकाराने मोठा आणि जरा निस्तेज.