घशाशीं येणें व छातींतील जळजळ : खुणा कशा ओळखाव्या

बैलानें एक दिवस वैरण सोडली किंवा त्याचें रवंथ थांबलें, तर आपण त्याच दिवशीं जनावरांच्या डॉक्टरांस बोलावितों. पिकाच्या पानावर नवा ठिपका दिसला, तर तें पान खुडून जाणत्यास दाखवितों. मात्र स्वतःच्या छातींत महिना महिना आग होत असली, रात्रीं आंबट पाणी घशाशीं येऊन झोपमोड होत असली, तरी "पित्त झालें आहे" एवढें म्हणून आपण कामास लागतों.

हा "पित्त" शब्द आपल्या जुन्नर व आंबेगांव तालुक्यांत फार सैल झाला आहे. डोकें दुखलें तरी पित्त, मळमळलें तरी पित्त, अंगावर गांधी उठल्या तरी पित्त, आणि छातींत कळ आली तरी पित्तच. चार निरनिराळ्या जमिनी एकाच गटनंबराखालीं लिहिल्या तर दप्तरांत जो घोटाळा होईल, तोच येथें होतो. फरक इतकाच कीं दप्तरांतील चूक पुढें दुरुस्त करतां येते. ह्या लेखांत त्या चारांपैकीं एकाच विकाराची हद्द आंखावयाची आहे. तो विकार म्हणजे जठरांतील आम्ल उलट वर चढणें.

विकार म्हणजे काय

आपण गिळलेला घास अन्ननलिकेंतून जठरांत उतरतो. ही नळी सुमारें २५ सेंटिमीटर, म्हणजे वीतभराहून थोडी अधिक लांब असते. जठरांत अन्न पचविण्यासाठीं तीव्र आम्ल तयार होतें. तें हायड्रोक्लोरिक आम्ल होय, असें इंग्लंडांतील विल्यम प्राउट यांनीं १८२४ सालीं दाखवून दिलें. जठरास आंतून चिकट थराचें संरक्षण असतें, म्हणून तें ह्या आम्लानें भाजत नाहीं. अन्ननलिकेस तसें भक्कम संरक्षण नाहीं.

दोहोंच्या सांध्यावर स्नायूंचें एक वळें असतें. घास उतरतांना तें उघडतें व लागलीच मिटतें. कुकडीच्या चारीचें दार पाणी सोडण्यापुरतें उघडावें व मग घट्ट बसावें, तसाच हा प्रकार. हें दार सैल पडलें, अवेळीं उघडूं लागलें, किंवा खालून पोटाचा दाब वाढला, कीं आम्ल वर चढतें आणि नळीचें अस्तर भाजूं लागतें. पुष्कळ रोग्यांत आम्ल फार होतें असें नसून, तें भलत्या जागीं जातें. गाईचें खाल्लेलें तोंडांत परत येणें हा तिचा जातिधर्म आहे. मनुष्याचें परत येऊं लागलें तर मात्र तो विकार होय.

आपल्या जुन्या वैद्यांस ह्या दुखण्याची ओळख होती. माधवनिदानांत अम्लपित्तावर स्वतंत्र प्रकरण असून, त्याचे ऊर्ध्वग म्हणजे वर चढणारें व अधोग म्हणजे खालीं जाणारें असे दोन भेद सांगितले आहेत.

सणासुदीच्या जेवणानंतर एखादे वेळीं आंबट ढेकर आला, तर तो रोग नव्हे. २००६ सालीं निरनिराळ्या देशांतील तज्ज्ञांनीं ह्या विकाराची एक व्याख्या प्रसिद्ध केली. ती माँट्रियल शहराच्या नांवानें ओळखली जाते. तिचा मतितार्थ असा कीं, त्रास माणसास खुपूं लागला म्हणजे तो रोग समजावा. सौम्य त्रासहि आठवड्यांतून दोन किंवा अधिक दिवस होत असेल तर तो दुर्लक्षूं नये.

मुख्य खुणा व आडवळणाच्या खुणा

मुख्य खुणा दोन. पहिली जळजळ : ती छातीच्या मधल्या हाडामागें होते, खालून वर गळ्याकडे चढते, आणि जेवणानंतर, ओणवें झाल्यावर किंवा आडवें पडल्यावर वाढते. दुसरी खूण घशाशीं येण्याची : उलटीची उबळ नसतांना आंबट किंवा कडू पाणी, क्वचित् अन्नहि, घशांत येतें. ह्या दोन्ही एकत्र असल्या म्हणजे निदानास बहुधा फारशी अडचण पडत नाहीं.

परंतु कांहीं रोग्यांस छातींत जळजळ मुळींच होत नाहीं. विकार आडवळणानें दिसतो. तोंडास एकाएकीं खारट पाणी सुटतें. घशांत गोळा अडकल्यासारखें वाटतें. सकाळीं उठल्यावर आवाज घोगरा असतो. भजनी मंडळांतल्या गायकास हें सर्वांआधीं जाणवतें. कोणास रात्रीं कोरडा खोकला येतो, कोणाचा दमा रात्रीं बळावतो, तर कोणाच्या दांतांवरील कवच झिजूं लागतें. ह्यांपैकीं प्रत्येक खुणेस दुसरीं कारणें असूं शकतात, म्हणून एवढ्यावरून निकाल देऊं नये. विशेषतः खोकला दोन आठवड्यांहून अधिक टिकला, तर प्रथम थुंकी तपासून क्षयाची शंका फेडून घ्यावी.

आपल्या भागांतील कारणें

आपल्या पूर्वेकडील गांवांत ऊस, कांदा व टोमॅटोची बागाइत आहे. शेतीपंपाची वीज पाळीपाळीनें, कांहीं दिवस दिवसां व कांहीं दिवस रात्रीं, मिळत आल्यामुळें रात्रीं दारें धरावयास जाणें पुष्कळांच्या नशिबीं आलें. त्यांत बिबट्याची धास्ती. मनुष्य अकरा-बारास घरीं येतो, भुकेलेल्या पोटीं दोन वेळचें जेवण एका वेळीं जेवतो, आणि हात धुऊन अंथरुणावर पडतो. भरलेलें जठर आडवें झालें म्हणजे वरच्या दारावर किती भार येत असेल, हें शेततळें भरणाऱ्यास सांगावयास नको.

पश्चिमेकडे भातलावणीच्या दिवसांत न्याहरीनंतर तासन् तास ओणवें राहावें लागतें. कांदालावणीस उकिडवें बसावें लागतें. फवारणीचा पंप पाठीवर घेऊन पट्टा पोटावर करकचून आवळला जातो. वाढलेलें पोट व घट्ट करदोटा ह्यांनींहि दाब वाढतो. तंबाखू व विडी ह्यांनीं तें वळें सैल पडतें. दारूनें तर पडतेंच. तंबाखूची मिश्री लावणाऱ्या स्त्रियांनीं आपणांस ह्यांतून मोकळ्या समजूं नये.

स्त्रियांची गोष्ट निराळी सांगितली पाहिजे. त्या सर्वांचें आटोपल्यावर शेवटीं जेवतात व लगेच निजतात. उपवासाच्या दिवशीं रित्या पोटीं चहावर चहा होतो आणि संध्याकाळीं साबुदाणा व शेंगदाणे भरपूर खाल्ले जातात. गरोदरपणांत पोटाचा दाब वाढल्यानें व शरीरांतील बदलांमुळें हा त्रास पुष्कळींस होतो. तो बहुधा बाळंतपणानंतर जातो. तरी त्या काळांत कोणतीहि गोळी डॉक्टरांस विचारल्यावांचून घेऊं नये.

आणखी एक कारण कोणी लक्षांत घेत नाहीं. अंग दुखलें कीं दुकानांतून आणलेल्या वेदनाशामक गोळ्या आपण चण्याफुटाण्यांसारख्या खातों. त्या जठराच्या अस्तरास बाधतात. कधीं व्रण होऊन रक्तस्रावहि होतो. दमा व रक्तदाब ह्यांवरील कांहीं औषधांनींहि आम्ल वर चढण्यास मदत होते. मात्र तीं आपल्या मनानें बंद न करितां डॉक्टरांस सांगावें.

पंधरा दिवसांची नोंद

नेमकें काय बाधतें हें ओळखण्याचा स्वस्त उपाय म्हणजे नोंदवही. पीकपाहणींत जसे रकाने असतात, तसे पांच रकाने आंखावे : काय व किती खाल्लें, किती वाजतां खाल्लें, आडवें केव्हां झालें, त्रास कोठें व किती वेळ झाला, आणि तो कशानें थांबला. पंधरा दिवस रोज लिहावें. माझ्या परिचयाच्या एका टोमॅटो-बागाइतदारांनीं टोमॅटोच्या सारास दोष देऊन तें वर्षभर सोडलें होतें, पण गुण नव्हता. नोंद ठेवल्यावर दिसून आलें कीं, सार खावो वा न खावो, त्रास रात्रपाळीच्या विजेच्या आठवड्यांतच होतो. त्यांनीं मुख्य जेवण दिवेलागणीपूर्वीं घेऊन परतल्यावर केवळ थोडी कण्हेरी घेण्याचा क्रम ठेवला, आणि फरक पडला.

टोमॅटो, कांदा, मिरची, तेलकट रस्सा, तीळ-खोबऱ्याच्या सारणाची मासवडी, चहा, हे पदार्थ कित्येकांस बाधतात, पण सर्वांस बाधतात असें नाहीं. ज्यास जें बाधेल त्यानें तें कमी करावें.

हृदयविकाराशीं गल्लत

आतां सर्वांत महत्त्वाची गोष्ट. माझ्या ओळखीचे एक बागाइतदार कांद्याच्या गोण्या भरीत असतां त्यांच्या छातीवर दडपण आलें. पित्त समजून ते सोडा प्याले, ढेकर आला, बरें वाटलें. दुसऱ्या दिवशीं तेंच झालें व पुन्हां सोडा घेतला. तिसऱ्या दिवशीं घामानें अंगरखा भिजला, तेव्हां मुलानें त्यांस गाडींत घालून रुग्णालयांत नेलें. हृदयाचा आलेख काढतांच झटका आल्याचें कळलें. ते वांचले, पण सोड्याच्या भरंवशावर गेलेले दोन दिवस त्यांच्या हृदयाच्या एका भागास कायमचे महाग पडले.

आम्लाची जळजळ बहुधा जेवणाशीं व आडवें होण्याशीं बांधलेली असते. हृदयाचें दुखणें बहुधा श्रमाशीं बांधलेलें असतें : चढण चढतांना, ओझें उचलतांना तें येतें व थांबल्यावर ओसरतें, झटका मात्र बसल्या जागींहि येतो. त्यांत आगीपेक्षां दडपण किंवा आवळल्याची भावना असते. कळ डाव्या किंवा दोन्ही हातांत, जबड्यांत वा पाठींत जाते. घाम, दम, घाबरें होणें हीं सोबत येतात. मधुमेही, वृद्ध व स्त्रिया ह्यांच्यांत मात्र ह्या खुणा अंधुक असतात. नुसती मळमळ व थकवा एवढेंच दिसूं शकतें. सोडा घेऊन बरें वाटलें हा हृदय निर्दोष असल्याचा पुरावा नव्हे.

म्हणून नियम असा ठेवावा कीं शंका असेल तेथें हृदयविकारच धरून चालावें. १०८ क्रमांकावर रुग्णवाहिका बोलवावी आणि रोग्यास चालवूं नये, मोटारसायकल तर मुळींच हांकूं देऊं नये. जुन्नर, नारायणगांव व घोडेगांव येथें ग्रामीण रुग्णालयें आणि मंचर येथें उपजिल्हा रुग्णालय आहे; जें जवळ असेल तेथें पोहोंचावें. आलेख साफ निघाला, तर लाजण्याचें कारण नाहीं.

दुसरी एक गल्लत फवारणीच्या दिवशीं होते. औषध मारून आल्यावर मळमळ, पोटांत मुरडा, तोंडास लाळ, फार घाम, अंधुक दिसणें हें झाल्यास तें पित्त नसून विषबाधा असूं शकते. अंगावरील कपडे काढून साबणानें अंग धुवावें व औषधाच्या बाटलीवरील कागदासह तत्काळ रुग्णालय गांठावें.

ह्या खुणा दिसतां दिरंगाई नको

घास अडकणें किंवा गिळतांना दुखणें, कारण नसतां वजन घटणें, रक्ताची किंवा कॉफीच्या चोथ्यासारखी उलटी, डांबरासारखा काळा, चिकट शौच, वारंवार उलट्या, अंगांत रक्त कमी झाल्याची फिकट कळा, आणि उतारवयांत प्रथमच सुरू झालेला त्रास. ह्यांपैकीं एकहि खूण असली तर गोळ्या खाऊन वाट पाहूं नये. अशा वेळीं डॉक्टर दुर्बिणीनें अन्ननलिका व जठर तपासतात. रक्ताची उलटी व काळा शौच ह्यांत तर त्याच दिवशीं रुग्णालयांत जावें. फार वर्षें भाजत राहिलेली नळी अरुंद होते, आणि थोड्या रोग्यांत पुढें कर्करोगाचीहि भीति असते. बेंबीच्या वर कुरतडल्यासारखें दुखणें हें पुष्कळदां व्रणाचें असतें. त्याचें एक मोठें कारण विशिष्ट जंतु आहेत, हें ऑस्ट्रेलियांतील वॉरन व मार्शल यांनीं शोधून काढलें व त्यांस २००५ सालीं नोबेल पारितोषिक मिळालें. त्यावरील उपचार निराळे आहेत.

साधे उपाय

जेवण व झोप ह्यांत तीन तासांचें अंतर ठेवावें. एका वेळीं पोट तट्ट भरूं नये. खाटेच्या उशाकडील पायांखालीं दोन दोन विटा घालून तो भाग सहा ते आठ इंच उंच करावा. जमिनीवर निजणाऱ्यानें कमरेपासून वर उतार होईल अशी घडीची घोंगडी घालावी. नुसत्या दोन उशा घेतल्यानें मान वांकते व पोट दाबतें. डाव्या कुशीवर निजावें. वाढलेलें वजन उतरवावें. तंबाखू व दारू सोडावी.

पँटोप्राझोल, ओमेप्राझोल ह्या आम्ल कमी करणाऱ्या गोळ्या गुणकारी आहेत. परंतु त्या रित्या पोटीं, जेवणाच्या अर्धा ते एक तास आधीं घ्यावयाच्या असतात, आणि किती दिवस घ्यावयाच्या हें डॉक्टरांनीं ठरवावयाचें असतें. त्या वर्षानुवर्षें स्वतःच्या मतानें खाणें बरें नव्हे. खाण्याच्या सोड्यानें घटकाभर बरें वाटतें. पण त्यांत सोडियम असल्यामुळें रक्तदाबाच्या व मूत्रपिंडाच्या रोग्यांस तो रोज घेणें अपायकारक आहे.

हा मासिकाचा अंक ज्यांच्या हातीं जातो ते वाचणारे आहेत. घरांतील वृद्ध, चुलीपाशीं शेवटीं जेवणाऱ्या बायका आणि आपल्या शेतावरील मजूर ह्यांपैकीं कित्येकांच्या हातीं तो जात नाहीं. एवढ्यासाठीं हृदयविकाराच्या व दिरंगाई न करण्याच्या खुणांचीं दोन प्रकरणें तरी त्यांस एकदां वाचून दाखवावीं, आणि १०८ हा आंकडा घरांत सर्वांस दिसेल अशा जागीं लिहून ठेवावा.