नवतपातली कचेरी

पहाटे 5. मे महिन्यात नागपुरात त्यातल्या त्यात गार अशी हीच वेळ. पोळ्या, भाजी, डबा, गॅसपुढचं सगळं मी आत्ताच उरकते. मला मल्टिपल स्क्लेरोसिस आहे. या आजारात रोगप्रतिकारशक्तीच मेंदू, मज्जारज्जू आणि डोळ्यांच्या नसांवरचं मायलिनचं आवरण पोखरते. आवरण गेलेल्या नसेतून संदेश कसाबसा पुढे सरकतो, आणि अंगाचं तापमान अर्ध्या अंशानं वाढलं तरी अडतो. जर्मन नेत्रतज्ज्ञ विल्हेल्म उहटहॉफ यांनी 1890 मध्ये याची नोंद केली. श्रमानंतर त्यांच्या रुग्णांची नजर तात्पुरती मंदावत असे.

8. आंघोळ. गच्चीवरच्या टाकीचं पाणी या दिवसांत सकाळीही कोमटच असतं, म्हणून बादली रात्रीच भरून ठेवते. घराबाहेर पडण्याआधी अंग गार करून घेतलं की वाटेतला उकाडा सोसवतो.

9. डोक्याला ओला दुपट्टा, पर्समध्ये इलेक्ट्रॉलच्या पाण्याची बाटली. सुभाषनगरहून मेट्रो, सीताबर्डीला गाडी बदलून कस्तुरचंद पार्क. स्टेशनपासून कचेरीपर्यंतचा रस्ता झाडाझाडांखालून, थांबत.

11. टेबल कूलरसमोर. ही जागा मी अर्ज करून मागून घेतली. आधी बसायचे वरच्या मजल्यावर, थेट स्लॅबखाली. तिथे दुपारी पंखासुद्धा गरम वाराच अंगावर टाकायचा.

1. डबा, ताक. पुन्हा खुर्ची.

3. हा तास खरा कठीण. नवतपा लागलेला, पारा पंचेचाळिशीच्या आसपास, त्यात वीज गेली. मी आवक नोंदवहीतले आकडे जुळवत होते. पहिली खूण नेहमी एकच. लाल शाईचा शिक्का उजव्या डोळ्याला फिका, धुतल्यासारखा दिसू लागतो. डाव्या डोळ्याला तोच शिक्का लालभडक. मग आकड्यांच्या कडा विरघळतात, 3 आणि 8 सारखेच दिसतात. डावा पाय जड होतो, मळमळतं, समोरच्याचं बोलणं कानावर पडतं पण डोक्यात शिरत नाही.

शेजारच्या टेबलावरून आवाज येतो, "ऊन तर सगळ्यांनाच लागते ना बाप्पा!" त्यांच्या मनात वाईट नसतं. पण हे ऊन लागणं नव्हे. उष्माघातात शरीराची स्वतःला गार ठेवण्याची यंत्रणाच कोलमडते, ताप 40 अंशांच्या वर जातो, जीव धोक्यात येतो. माझं अंग हाताला जेमतेम कोमट लागत असतं, तरीही मला वाचता येत नाही. दिसण्यात काहीच नसतं, म्हणून हा आजार लोकांना आळसासारखा वाटतो. हे मला फार लागतं.

वही मिटते. चुकीचा आकडा चढवण्यापेक्षा काम थांबलेलं बरं. शिपाईमावशी न सांगता माठाचं पाणी आणि टॉवेल घेऊन येतात. ओला टॉवेल मानेवर, मनगटं पाण्यात, डोळे मिटून. अंग निवलं की शिक्क्याचा लाल रंग हळूहळू परततो. उन्हानं नसेची नवी हानी होत नाही, जुनीच वर येते. हे डॉक्टरांनी समजावलं तेव्हा माझी निम्मी भीती गेली. मात्र गार झाल्यावरही त्रास 24 तासांहून अधिक टिकला, तर तो नवा झटका असू शकतो. मग थेट न्यूरॉलॉजिस्टकडे.

6. लगेच निघत नाही. सूर्य कलला तरी रस्ता आणि भिंती धग सोडत असतात. अडलेले आकडे आता जुळवते.

रात्री 9. कूलरची टाकी भरणं मुलाकडे, वाळ्याच्या ताट्या ओल्या करणं माझ्याकडे. विदर्भाच्या कोरड्या हवेत कूलर छान चालतो. जूनमध्ये सरी येऊन हवा दमट झाली की पाण्याचं बाष्प होणं मंदावतं आणि कूलर नुसती चिकचिक देतो. तो पंधरवडा मला मेपेक्षा जड जातो.

मल्टिपल स्क्लेरोसिस 2016 च्या दिव्यांग हक्क कायद्याच्या यादीत आहे, आणि दिव्यांग कर्मचाऱ्याला वाजवी सोयी देणं सरकारी आस्थापनांवर त्याच कायद्यानं बंधनकारक आहे. हा आजार असलेल्यांनी गार जागा आणि कामाच्या सोयीच्या वेळा लेखी मागाव्यात. आणि साहेबलोकहो, असा अर्ज टेबलावर आला तर तो पावसाळ्यापर्यंत पडू देऊ नका.