जुन्या फियाटचे पुस्तक आणि गॅरेजमधली मराठी

भाषेचा प्रश्न म्हटला की आपल्या डोळ्यांसमोर शाळा, दुकानांच्या पाट्या आणि सरकारी कागद उभे राहतात. त्यांचे महत्त्व आम्ही कमी लेखत नाही. आमच्या समितीचा निम्मा वेळ त्यातच जातो. पण भाषा केवळ फळ्यावर आणि कागदावर जगत नाही. जिथे माणसांचे हात काळे होतात तिथेही ती जगते, आणि तिथे ती मुकी झाली तर त्याची बातमी कुठे छापून येत नाही. म्हणून आज या प्रश्नाकडे आम्ही गॅरेजच्या दारातून पाहणार आहोत.

आमच्या वाचनालयात अधूनमधून एक विचारणा हमखास होते. ‘सर, जुन्या फियाटच्या दुरुस्तीचे पुस्तक आहे का?’ विचारणारे दोन प्रकारचे असतात. काहींच्या घरी वडिलांची गाडी वर्षानुवर्षे आच्छादनाखाली उभी असते आणि ती पुन्हा रस्त्यावर आणण्याची उमेद असते. दुसरे असतात गॅरेज चालवणारे तरुण. ज्या मिस्त्रींच्या हाताखाली ते शिकले, ते मिस्त्री आता थकले किंवा देवाघरी गेले. त्यांची विद्या होती कानात आणि बोटांत. ती कोणी लिहून ठेवली नाही. मिस्त्री गेले, विद्याही गेली. मग उरते ते पुस्तक.

पण पुस्तक शोधायचे म्हणजे नेमके काय शोधायचे, इथूनच गोंधळ सुरू होतो.

फियाट कोणती?

सोलापूरच्या वालचंद हिराचंद यांनी १९४४ मध्ये प्रीमियर ऑटोमोबाईल्स ही कंपनी स्थापन केली. तिच्या मुंबईतल्या कुर्ला येथील कारखान्यातून ही गाडी अनेक दशके बाहेर पडत होती. आपण सरसकट ‘फियाट’ म्हणतो, पण त्या एका नावाखाली निदान चार-पाच गाड्या दडलेल्या आहेत. १९५० च्या दशकातली, पुढची दारे उलट्या बाजूने उघडणारी गोलमटोल गाडी, जिला मराठी माणसाने ‘डुक्कर फियाट’ असे अस्सल नाव दिले, ती वेगळी. १९६४ ची डिलाईट वेगळी. १९७० च्या दशकात आलेल्या प्रेसिडेंट आणि पद्मिनी त्याच घराण्यातल्या. पद्मिनीची डिझेल आवृत्ती पुढे निघाली, तिचे इंजिन अगदीच निराळे. २०२३ च्या ऑक्टोबरअखेरीस मुंबईतून पद्मिनी टॅक्सी कायमची निघून गेली, तेव्हा अनेकांना हळहळ वाटली. पण खासगी मालकांकडे या गाड्या आजही आहेत.

आता एक सापळा पाहा. इटलीत १९६२ मध्ये ‘फियाट ११०० डी’ निघाली. आपली डिलाईट तिच्याच रूपावर बेतलेली. परदेशी पुस्तक हाती आले, वर ‘११०० डी’ असे छापलेले दिसले, की आपल्याला वाटते गड जिंकला. पण इटालियन ‘डी’चे इंजिन १२२१ घन सेंटिमीटरचे, तर आपल्याकडच्या गाडीचे १०८९ चे. दट्ट्याची धाव दोन्हींत ७५ मिलिमीटर, पण सिलिंडरचा व्यास तिकडे ७२ आणि इकडे ६८. म्हणजे पिस्टन निराळा आणि रिंगाही निराळ्या. नाव तेच असूनही त्या पुस्तकातली मापे डोळे मिटून घेतली तर पैसे पाण्यात जातात.

म्हणून आमचा सल्ला असा, की पुस्तक विकत घेण्याआधी गाडीपाशी जावे. बॉनेट उघडून चासी नंबर आणि इंजिन नंबर कागदावर उतरवून घ्यावा. आर. सी. पुस्तकातले नोंदणीचे वर्ष आणि गाडी बनल्याचे वर्ष एकच असेल असे समजू नये. चाळीस-पन्नास वर्षांच्या गाडीत इंजिन बदललेले असण्याचा संभव मोठा. तेव्हा इंजिन कोणते, गिअरची दांडी स्टिअरिंगपाशी की खाली, डायनॅमो आहे की अल्टरनेटर, कार्ब्युरेटरवर काय कोरले आहे, या चार गोष्टी टिपून घ्याव्यात. पुस्तकातला तांत्रिक तपशिलांचा तक्ता आधी उघडावा आणि या चार गोष्टी ताडून पाहाव्यात. जुळल्या तर पुस्तक आपले. एरवी मुखपृष्ठावर कितीही सुंदर चित्र असो, ते परत ठेवावे.

पुस्तके तीन, कामे तीन

गाडीबरोबर मिळत असे ती मालकासाठीची पुस्तिका. तीत हवा किती भरावी, ऑईल केव्हा बदलावे, ग्रीस कुठे द्यावे एवढेच असते. तिच्यावरून इंजिन खोलता येणार नाही. दुसरी कार्यशाळेची पुस्तिका. तीत भाग सुटे करण्याचा आणि परत जोडण्याचा क्रम, झीज किती चालेल त्याची मर्यादा आणि नट-बोल्ट किती जोराने आवळावेत त्याचे आकडे असतात. तिसरी सुट्या भागांची यादी. हिच्याकडे लोक दुर्लक्ष करतात, पण हिच्यातली चित्रे लाखमोलाची. एकेक भाग हवेत सुटा मांडल्यासारखा दिसतो आणि कोणता वायसर कोणत्या स्प्रिंगच्या अलीकडे हे विचारायला मिस्त्री लागत नाही. ज्याला इंग्रजी वाचणे जड जाते त्याने आधी ही यादी मिळवावी.

जोराच्या आकड्यांबाबत एक सूचना. इटालियन वळणाच्या पुस्तकात ते किलोग्रॅम-मीटरमध्ये असतात, ब्रिटिश पुस्तकात पौंड-फुटांत. एक किलोग्रॅम-मीटर म्हणजे सुमारे सव्वासात पौंड-फूट. एकाचा आकडा दुसऱ्याचा समजला तर हेड ढिले राहते किंवा आटे जातात.

ही पुस्तके मिळतात कुठे? पुण्याचा अप्पा बळवंत चौक, मुंबईत फ्लोरा फाउंटनजवळचे पदपथावरचे विक्रेते, हैदराबादला आबिड्सचा रविवारचा पुस्तकबाजार, ही ठिकाणे पालथी घालावीत. पण खरा खजिना आपल्याच गावात असतो: बंद पडलेल्या गॅरेजच्या फडताळात किंवा जुन्या स्पेअर पार्टच्या दुकानाच्या माळ्यावर. दिवाळीच्या साफसफाईत तो रद्दीत जातो, किलोच्या भावाने.

स्टेपनी कुठल्या पानावर?

समजा, योग्य पुस्तक मिळाले. मग पुढची अडचण येते ती शब्दांची. आमचा एक माजी विद्यार्थी अनुक्रमणिका चाळून वैतागला, कारण त्याला ‘स्टेपनी’ सापडेना. सापडणार कशी? स्टेपनी हे वेल्समधल्या लॅनेली गावच्या एका जुन्या कंपनीच्या जादा चाकाचे नाव. आपल्याकडे त्याचा सामान्य शब्द झाला. पुस्तकात ‘स्पेअर व्हील’ असते. आपली ‘डिकी’ ब्रिटिश पुस्तकात ‘बूट’ होते आणि अमेरिकन पुस्तकात ‘ट्रंक’. अमेरिकन लोक बॉनेटला ‘हूड’ म्हणतात, तर ब्रिटिशांचे ‘हूड’ म्हणजे गाडीचे कापडी छत. आपले मिस्त्री ज्याला ‘डेल्को’ म्हणतात तेही मुळात एका कंपनीचे नाव. पुस्तकात शोधावा लागतो ‘डिस्ट्रिब्यूटर’. ‘सेल्फ’ म्हणजे स्टार्टर मोटर.

इथपर्यंत गंमत वाटेल. पण एक शब्द जिवाशी गाठ घालणारा आहे. आपण सर्रास ‘ब्रेक ऑईल’ म्हणतो. ऑईल म्हटले की नवशिक्याला वाटते, तेल ते तेल. कमी पडले तर डब्यातले इंजिन ऑईल ओतले तर काय बिघडले? पुस्तकात मात्र ‘ब्रेक फ्लुइड’ असते आणि ते तेल नव्हेच. खनिज तेल त्या नळ्यांत गेले की ब्रेकमधले रबराचे कप फुगतात आणि ऐन उतारावर ब्रेक दगा देतात. हा धोका पुस्तकात स्पष्ट छापलेला असतो. पण ज्याला वाचायचा त्याच्या भाषेत तो छापलेला नाही. भाषेचा प्रश्न पोटापाण्याचा असतो असे आपण म्हणतो. इथे तो प्राणांचा आहे.

वारसा आपलाच आहे

यंत्राचे ज्ञान मराठीत मांडणे अवघड, असे म्हणणाऱ्यांनी जरा मागे वळून पाहावे. लक्ष्मणराव किर्लोस्करांनी १८८८ मध्ये सायकलींचे दुकान काढले ते याच बेळगावात. पुढे त्यांच्या कारखान्याने १९२० मध्ये ‘किर्लोस्कर खबर’ सुरू केले आणि यंत्रांची माहिती साध्या मराठीत घरोघर गेली. बडोद्यात सयाजीराव महाराजांनी १८९० मध्ये कलाभवन उभे करून कारागिरांच्या शिक्षणाला देशी भाषांची जोड दिली. त्यांच्याच राज्यात १९३१ मध्ये ‘श्री सयाजी शासन शब्दकल्पतरू’ हा राज्यकारभाराचा बहुभाषी कोश निघाला. कचेरीच्या शब्दांना कोश मिळाला. गॅरेजच्या शब्दांना कधी मिळणार?

शब्द नाहीत असे नाही. पाना, पकड, आटे, खिट्टी, छर्रे, पाटे, झडप, वंगण हे सारे आपलेच आहेत. आमच्या भागातल्या गॅरेजात मालक मराठी, वेल्डर उर्दू बोलणारा आणि रंगकाम करणारा कन्नड असे चित्र नेहमीचे; तरी ‘पाना दे’ म्हटले की तिघांनाही कळते. हा शब्दसंग्रह कोणाच्या विरोधात नाही. तो कष्टकऱ्यांनी मिळून घडवला आहे. आणि ‘स्टेपनी’ला हुसकावून तिथे संस्कृत शब्द बसवावा असेही आम्ही म्हणत नाही. चालता शब्द राहू द्यावा, शेजारी पुस्तकातला शब्द लिहावा, आणि त्या वस्तूचे काम एका ओळीत सांगावे. एवढ्याने काम भागते.

म्हणून आमच्या समितीने वाचनालयात एक कपाट मोकळे केले आहे. ज्यांच्या घरी जुन्या गाडीची, मोटारसायकलची, इंजिनपंपाची पुस्तके पडून असतील त्यांनी ती रद्दीत घालण्यापूर्वी आम्हाला दाखवावीत. देणे जमत नसेल तर झेरॉक्सपुरती द्यावीत. तालुक्यातल्या वयस्क मिस्त्रींना आम्ही रविवारी सकाळी बोलावणार आहोत. ते बोलतील आणि नववी-दहावीची मुले वहीत लिहून घेतील. भागाचे नाव, गॅरेजमधला शब्द, पुस्तकातला शब्द आणि चित्र असे चार रकाने आखलेले आहेत. पहिली नोंद ब्रेकची करावी, असे आम्ही सुचवले आहे.