कागद कोणता होता?

पीएचडीच्या पहिल्या वर्षी मी चिनी शाईचित्रांवर एक टिपण लिहिलं होतं. एका चित्रात रेषांच्या कडा पसरलेल्या, दुसऱ्यात अगदी कोरीव. मी लिहून मोकळी झाले: पहिला चित्रकार मनस्वी, दुसरा शिस्तीचा. गाईडनी समासात एवढंच लिहिलं, 'कागद कोणता?' माझ्याकडे उत्तर नव्हतं.

तेव्हा कुठे मी साधनांकडे वळले. कुंचला, शाई, कागद आणि शाई उगाळायचा दगड यांना चीनमध्ये 'अभ्यासिकेतले चार खजिने' म्हणतात. सोंग काळातल्या सू यीज्येन या विद्वानाने दहाव्या शतकात या चौघांवर अख्खा ग्रंथ लिहिला.

शाईची वडी म्हणजे काजळी आणि जनावरांपासून काढलेला सरस. आपण सहाणेवर चंदन उगाळतो, तशी ती पाणी घालून दगडावर उगाळायची. काजळी पाण्यात विरघळत नाही. सरस तिच्या कणांना एकमेकांना चिकटू देत नाही, म्हणून ते पाण्यात तरंगत राहतात. वाळल्यावर तोच सरस त्यांना कागदावर धरून ठेवतो.

आता कागद. आनह्वेई प्रांतातल्या जिंग परगण्यातला श्वेन कागद छिंगथान झाडाची साल आणि भाताचा पेंढा यांपासून हाताने बनतो. या कलेला 2009 मध्ये युनेस्कोच्या वारसायादीत जागा मिळाली. कच्चा श्वेन कागद टिपकागदासारखा शाई ओढतो. त्यालाच तुरटी आणि सरसाचं पाणी दिलं की तो 'पक्का' होतो. मग शाई जिथल्या तिथे थांबते.

कुंचल्याचंही तसंच. बकरीचे केस मऊ, भरपूर शाई धरणारे; वीझलचे केस ताठर, लवचीक.

म्हणजे पसरलेली कड हा कागद, पाणी, केस आणि हाताचा वेग या सगळ्यांचा एकत्रित परिणाम. मी मात्र सगळं श्रेय स्वभावाला देऊन टाकलं होतं! अर्थात, कच्चा कागद निवडणं हाही चित्रकाराचा निर्णय असू शकतो. पण तसं म्हणायला पुरावा लागतो, आणि कॅटलॉगमध्ये बहुतेक वेळा नुसतं 'कागदावर शाई' एवढंच असतं.

म्हणून एक सोपा प्रयोग करा. एकच शाई, एकच कुंचला, दोन प्रकारचे कागद. मी केला. पक्क्या कागदावर माझी रेष घाबरट दिसली. कच्च्यावर तीच चक्क मनस्वी वाटली.

टिपणातलं ते वाक्य मी त्याच दिवशी खोडलं.