विंगफॉइल फळी

विंगफॉइल फळी हे हातात धरलेले हवेने फुगवलेले शीड व पाण्याखालील फॉइल यांच्या साहाय्याने पाण्यावरून वेगाने जाण्याचे साधन होय. फळीच्या तळाशी उभा दांडा व दांड्याच्या खालच्या टोकाला विमानाच्या पंखांसारखे पंख असतात. या जोडणीस फॉइल म्हणतात. वेग वाढताच पंखांवर ऊर्ध्वगामी बल निर्माण होऊन फळी पाण्याच्या वर उचलली जाते. हा क्रीडाप्रकार २०१९ च्या सुमारास जगभर पसरू लागला.

घनफळाची निवड

फळी उचलली जाईपर्यंत सर्व भार प्लावक बलावर असतो. म्हणून लिटरमध्ये सांगितले जाणारे घनफळ हा निवडीचा पहिला निकष ठरतो. नवशिक्यासाठी साधारणपणे शरीराच्या किलोग्रॅममधील वजनापेक्षा ३० ते ४० लिटर अधिक घनफळ घेतात. ७५ किलो वजनाच्या व्यक्तीस त्यानुसार १०५ ते ११५ लिटरची फळी योग्य ठरते. कुशल खेळाडू वजनाहून कमी घनफळाची फळीही वापरतात. ती हलकी व चपळ असते, परंतु थांबल्यावर बुडते.

गोडे पाणी व समुद्र

समुद्राच्या पाण्याची घनता गोड्या पाण्याहून सुमारे अडीच टक्के अधिक असते. पूर्ण बुडालेली ११० लिटरची फळी समुद्रात सुमारे ११३ किलो, तर गोड्या पाण्यात ११० किलो भार तोलते. यात फळीचे स्वतःचे वजनही आले. त्यामुळे गोव्याच्या किनाऱ्यावर पसंत पडलेली फळी नांदेडजवळील गोदावरीवरच्या विष्णुपुरी जलाशयासारख्या ठिकाणी किंचित अधिक बुडेल.

चाचणी

दोन फळ्यांची तुलना करताना शीड, फॉइल व शक्यतो वाऱ्याचा वेग तोच ठेवावा. गुडघ्यांवर व उभे राहून तोल, उचल घेण्यास लागणारा वेळ आणि पाण्याला पुन्हा टेकल्यावर फळीचे नाक बुडते का, हे पाहावे. फॉइल खाचेत पुढे सरकवल्यास उचल लवकर मिळते. मागे नेल्यास नाक खाली राहते. म्हणून प्रत्येक फळीवर फॉइलची जागा जुळवून मगच मत बनवावे.

मराठवाड्यातील मर्यादा

दांड्याची लांबी बहुधा ७० ते ९० सेंटिमीटर असल्याने किमान दीड मीटर खोली हवी. उन्हाळ्यात जलाशयांची पातळी घटून खडक व झाडांची खोडे वर येतात. लातूर शहरास पाणी पुरवणारे मांजरा धरण कोरडे पडल्याने एप्रिल २०१६ मध्ये मिरजेहून रेल्वेने पाणी आणावे लागले होते. पिण्याच्या पाण्याच्या अशा साठ्यांवर उतरण्यापूर्वी संबंधित विभागाची परवानगी, पाण्याची खोली आणि जीवरक्षक जाकीट या तीन बाबी निश्चित करणे आवश्यक आहे.