लेकीच्या बाळंतपणाला अमेरिकेला निघालात? आधी विमा समजून घ्या

पूर्वी लेकीच्या बाळंतपणाला आई फार तर पुण्या-मुंबईला जायची. आता आपल्या गटांतल्या बायकाही अमेरिकेला जाऊन चार-सहा महिने राहतात. पासपोर्ट होतो, व्हिसा होतो, बॅगेत डिंकाचे लाडू आणि हळीव बसतात. विम्याचं विचारलं तर उत्तर येतं, "जावयांनी काढलाय म्हणे." त्या कागदात काय असतं, ते आज आम्ही सांगणार आहोत.

आपलं आयुष्मान कार्ड किंवा महात्मा फुले जन आरोग्य योजना भारताबाहेर चालत नाही. लेकीच्या नोकरीतल्या विम्यात तिचा नवरा आणि मुलं येतात, आईवडील सहसा येत नाहीत. तिथली मेडिकेअर ही सरकारी योजना पाहुण्यांसाठी नाही. युरोपातल्या शेंगेन देशांच्या व्हिसाला निदान ३०,००० युरोंचा वैद्यकीय विमा सक्तीचा आहे. अमेरिकेच्या पर्यटक व्हिसाला तशी सक्ती नाही, म्हणून तो राहून जातो. आणि दवाखान्याचं बिल तर तिथेच सगळ्यांत मोठं!

पाहुण्यांचा विमा दोन तऱ्हांचा असतो. स्वस्तातल्या विम्यात प्रत्येक उपचाराला रक्कम ठरलेली असते. समजा, दवाखान्यातल्या एका दिवसाला विमा १,५०० डॉलर देतो आणि बिल झालं ६,०००. तर उरलेले ४,५०० लेकीला भरावे लागतात. दुसऱ्या तऱ्हेत सुरुवातीची ठरलेली रक्कम आपण भरायची, तिला डिडक्टिबल म्हणतात. पुढचा बराचसा खर्च ठरलेल्या मर्यादेपर्यंत कंपनी उचलते. हप्ता जास्त असतो, पण आमच्या मते वय साठीकडे झुकलं असेल तर हाच बरा.

खरी अडचण जुन्या दुखण्याची. बीपी, साखर, थायरॉईड हे आपल्याला आजार वाटतच नाहीत. "गोळी चालू आहे" म्हटलं की झालं. कंपनी मात्र त्याला आधीपासूनचा आजार म्हणते आणि त्याचा नेहमीचा औषधोपचार बहुतेक पाहुणे-विम्यांत बसत नाही. काही विम्यांत एक सोय असते: जुन्या आजाराने अचानक उचल खाल्ली तर तेवढा खर्च मिळतो. पण त्याला अटी असतात. वयाची मर्यादा असते, आणि बहुतेक ठिकाणी त्रास सुरू झाल्यापासून २४ तासांच्या आत उपचार घ्यावे लागतात. आपली सवय तर माहीतच आहे. छातीत दुखलं तरी "गॅस असेल, लेकीला कशाला त्रास" म्हणत दोन दिवस काढायचे. त्या दोन दिवसांत जीव धोक्यात येतो आणि विम्याचा हक्कही जाऊ शकतो.

म्हणून विमा काढताना फॉर्म स्वतः वाचून घ्या, नाहीतर नातवाकडून वाचून घ्या. आजार विचारले असतील तर एकही लपवू नका. हप्ता वाचवायला लपवलेली साखर तिथल्या तपासणीत कळतेच, आणि दावा नाकारायला कंपनीला कारण मिळतं. नेहमीची औषधं डॉक्टरांच्या चिठ्ठीसह न्या. चिठ्ठीवर औषधाचं मूळ नाव लिहून घ्या, कारण आपल्या ब्रँडचं नाव तिथे चालत नाही.

तिथे ताप, खोकला, किरकोळ जखम झाली तर अर्जंट केअर नावाचे छोटे दवाखाने असतात, खर्च बराच कमी येतो. छातीत दुखणं, तोंड वाकडं होणं, शुद्ध हरपणं यांत मात्र थेट ९११ ला फोन. १९८६ च्या कायद्यामुळे तिथल्या जवळजवळ सगळ्या मोठ्या दवाखान्यांच्या इमर्जन्सी विभागाला आलेला रोगी तपासून त्याला धोक्याबाहेर आणावंच लागतं, पैशासाठी थांबवता येत नाही. बिल नंतर येतंच, त्यात अ‍ॅम्ब्युलन्सचंही. विमा कंपनीला लवकरात लवकर कळवायला घरच्यांना सांगा, आणि प्रत्येक बिल, रिपोर्ट, पावती जपून ठेवा.

विमा भारतीय कंपनीचा असेल आणि दावा नाकारला, तर आधी कंपनीकडे लेखी तक्रार करा. महिनाभरात समाधान झालं नाही तर विमा लोकपालाकडे जाता येतं. तिथे फी नाही, वकीलही लागत नाही.

आणखी एक. इंग्रजी येत नाही म्हणून डॉक्टरांपुढे नुसती मान डोलावू नका. सरकारी पैसा घेणाऱ्या दवाखान्यांत दुभाषा फुकट मागता येतो, बऱ्याचदा तो फोनवरून बोलतो. "मराठी इंटरप्रिटर" हे दोन शब्द विमानात बसण्याआधी पाठ करा.