ओंडका ओढताना साखळी ट्रॅक्टरला कुठं लावायची?



शिमगा झाला की मालकी रानात लाकूडतोडीला जोर येतो. यंदा एक नवीन गोष्ट दिसतेय. व्यापारी उभ्या झाडाला एक दर सांगतो आणि रस्त्यावर आणून दिलेल्या लाकडाला जास्त. मग घरी छोटा ट्रॅक्टर आहेच, आपणच ओढून काढू, असं वाटणं साहजिक आहे. पण मागच्या आठवड्यात आपल्या एका सभासद काकांच्या ट्रॅक्टरची पुढची दोन्ही चाकं हातभर वर गेली. ओंडक्याचं तोंड जुन्या खुंटाला अडकलं होतं आणि साखळी बांधली होती वर, टॉप लिंकच्या ब्रॅकेटला. क्लचवर पाय होता म्हणून काका चालत घरी आले. त्यांनीच सांगितलं, "सगळ्यांना कळव, फक्त माझं नाव टाकू नको."

*ट्रॅक्टर मागे का उलटतो?*

इंजिन मागच्या चाकांना फिरवायला बघतं. ओंडका अडकला आणि चाकांनी जमीन घट्ट धरली, की चाकं फिरू शकत नाहीत. जोर तर चालूच असतो. मग मागच्या आसाभोवती ट्रॅक्टरचं धडच फिरतं, तोंड वर करून. पुढची चाकं उचलल्यापासून ट्रॅक्टर पाठीवर पडायला साधारण दीड सेकंद लागतो. त्यातला पहिला पाऊण सेकंद गेला की क्लच दाबूनही उपयोग नाही. "मी क्लच दाबेन" या भरवशावर राहू नका. काकांचं नशीब चांगलं होतं.

आता साखळीचं बघा. ती मागच्या आसाच्या मध्यापेक्षा वर बांधली असेल, तर ओंडक्याची ओढच ट्रॅक्टरला मागे पाडायला मदत करते. खाली ड्रॉबारला बांधली असेल तर उलटं होतं. तोंड वर जायला लागलं की ड्रॉबार आणखी खाली जातो आणि ओढीचा मागे पाडणारा जोर कमी होत जातो. म्हणून टॉप लिंकला, सीटखालच्या कुठल्या ब्रॅकेटला किंवा आसाच्या घरालाच गुंडाळून साखळी बांधायची नाही. कितीही छोटा नग असला तरी नाही.

इथं एक फसवी गोष्ट आहे. खालच्या दोन लिंकांमध्ये भोकांचा आडवा बार टाकून त्याला साखळी लावणं बरोबर आहे, पण हायड्रोलिकनं लिंका वर घेतल्या की बारही वर येतो. छोट्या ट्रॅक्टरचा आस जमिनीपासून जेमतेम दीड फुटावर असतो. बार त्याच्या वर गेला, तर टॉप लिंकला बांधल्यासारखंच झालं.

*मग बांधायचं कसं?*

बार पूर्ण खाली सोडा. ट्रॅक्टर ओंडक्याच्या सरळ रेषेत, तोंडाजवळ मागे घ्या. साखळीचा फास तोंडापासून फूट-दीड फुटावर टाका, ओढल्यावर आवळत जाईल असा. साखळी जितकी आखूड ठेवता येईल तितकी ठेवा. मग लिंका हळू वर घ्या आणि ओंडक्याचं तोंड वीतभर उचललं की थांबा. तेवढं पुरतं. तोंड जमिनीत रुतत नाही, घासण कमी होते आणि बार आसाच्या खालीच राहतो. फांद्यांचे खुंट आधी साफ छाटा आणि तोंडाला कुऱ्हाडीनं थोडी गोलाई द्या, म्हणजे दगड-मुळ्यांत अडकत नाही. सुरुवात सगळ्यात खालच्या गिअरमध्ये, क्लच हळू सोडत. हिसका द्यायचा नाही. चाकं जागेवर फिरायला लागली तर थांबा आणि नग लहान करा.

*वजनाचा अंदाज*

ओलं लाकूड जवळजवळ पाण्याएवढं जड धरून चला. व्यापारी मोजतो त्या पद्धतीनं (घेराचा चौथा भाग गुणिले चौथा भाग गुणिले लांबी) एक घनफूट म्हणजे साधारण ३५ किलो. ४ फूट घेराचा १० फुटी नग १० घनफूट, म्हणजे ३५० किलोच्या आसपास. तोच नग ६ फूट घेराचा असेल तर साडेबावीस घनफूट, जवळपास ८०० किलो! १५ ते २४ एचपीचे बरेच ट्रॅक्टर स्वतःच ६५० ते ८०० किलोचे असतात. कोरड्या घट्ट जमिनीवर असा ट्रॅक्टर स्वतःच्या वजनाच्या निम्म्याएवढी ओढ देतो, पालापाचोळ्यावर त्याहून कमी. आणि जमिनीवर घासत येणारा ओंडका त्याच्या वजनाच्या निम्मी किंवा जास्तच ओढ मागतो. पहिला नग येईल, दुसरा येणार नाही. जुन्या आंब्याचा बुंधा छोट्या ट्रॅक्टरनं काढायच्या भानगडीत पडू नका. तो व्यापाऱ्यालाच काढू द्या. सौदा करतानाच "जाडे नग जागेवर, बाकीचे रस्त्यावर" असं बोलून घ्या.

*वाट आणि उतार*

ओढायच्या आधी वाट पायी फिरून बघा. खुंट, जांभ्याचे दगड, पडका गडगा, सगळं बाजूला करा. काकांच्या वाटेतला तो खुंट पाल्याखाली झाकलेला होता.

चढाला ओंडका ओढू नका, कारण चढावर पुढची चाकं आधीच हलकी असतात. उताराला आडवंही ओढू नका, तिथं ट्रॅक्टर कुशीवर जातो. उताराला सरळ खाली यायचं असेल तर पहिला गिअर ठेवा, क्लच दाबू नका आणि ओंडक्याचं तोंड जमिनीला टेकवा. घासण हाच तुमचा ब्रेक. उतार जास्त असेल तर ओंडका घसरत येऊन मागच्या चाकावर आदळतो. अशा रानात ट्रॅक्टर वर नेऊच नका. पहारीनं नग खाली सोडा, खाली कुणी उभं नाही ना ते बघून, आणि सपाटीवरून ट्रॅक्टर लावा.

मडगार्डवर कुणी बसायचं नाही. चालत्या ओंडक्याच्या बाजूनं कुणी चालायचं नाही, तो वळणावर अचानक फिरतो. मागे रोल-बार असेल तर पट्टा लावा. रोल-बार नसेल तर पट्टा लावू नका.

*साखळी*

विहिरीच्या मोटरची नायलॉन दोरी नको. ती ताणली जाते आणि तुटली की चाबकासारखी मागे येते. १० मि.मी. कडीची ग्रेड ८० साखळी घ्या, कडीवर ८ किंवा ८० असा शिक्का असतो. तुटलेली कडी नट-बोल्ट टाकून जोडलेली असेल तर ती साखळी गुरांना ठेवा.

*परवानगी*

आंबा, फणस, साग, ऐन, किंजळ, जांभूळ, खैर ही झाडं आपल्या मालकीची असली तरी १९६४ च्या वृक्षतोड नियमन कायद्यात येतात. तोडायच्या आधी परवानगी आणि लाकूड हलवायच्या आधी वाहतूक पास लागतो. व्यापारी "मी बघतो" म्हणाला तरी कागद स्वतः बघा, सातबारा तुमच्या नावावर आहे.

ट्रॅक्टरच्या मागच्या बाजूचा एक फोटो याच नंबरवर पाठवा, बार आणि लिंका दिसतील असा. साखळी कुठं लावायची ते त्याच फोटोवर खूण करून परत पाठवतो. या आठवड्यात ज्यांची तोड आहे त्यांनी आधी पाठवा.